उजव्या पायाची नोकरी

ग्यारेजातले किस्से हातावरच्या काळ्या तेलासारखे. रॉकेलनं धुवा, साबण घासा, नखात थोडे राहतातच! अमरावतीचं कॉलेज मी इंटरला सोडलं आणि अकोल्यात कापूस मार्केटमागे रहीमवस्तादच्या ग्यारेजात लागलो. तेव्हापासून माझी नखं काही पांढरी झाली नाहीत. त्यातले निम्मे किस्से एकाच फटफटीचे. आणि ती फटफटी माझी नव्हती, हेच दुखणं!

*

फटफटी वसंताची. अकोल्याच्याच कापसाच्या जिनवाल्या नानासाहेबांचा एकुलता एक, शाळेपासून कॉलेजपर्यंत माझ्याच बाकावर बसणारा. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडला, तेव्हापासून त्याचा उजवा घोटा लाकडासारखा ताठ. आणि त्या फटफटीचा गिअर नेमका उजव्या पायाला! दर वेळी पंजा उचलायचा, दाबायचा. वसंताला ते जन्मात जमणार नव्हतं.

हे घेताना पाहायचं कोणी? नानासाहेबांनी फक्त रंग पाहिला. नंतर म्हणतात, "दुकानात उभी होती तवा तर बरी होती!"

मग पुढे मी, मागे वसंता. रस्त्यानं जाताना लोक मलाच नमस्कार करायचे. मी घ्यायचो. वसंता मागून पाठीत बोट खुपसायचा, "लेका, गाडी मायी आहे!"

"मंग उतरून सांग न लोकायले!"

*

वसंतासाठी बडनेऱ्याला मुलगी पाहायला निघालो. नानासाहेब रेल्वेनं, आम्ही दोघं फटफटीवर. मुलीच्या घरच्यांनी पाहिलं काय, तर गाडी चालवत येणारा मी! पायावर पाणी माझ्या, गादीवरचा लोड मला. मुलगी, म्हणजे कुसुम, चहा घेऊन आली आणि पहिला कप तिनं माझ्यापुढे धरला. मीही घेतला. काऊन नाही घेणार?

नानासाहेब ओरडले, "अहो, तो नाही! तो डायवर आहे!"

या माणसाला मी लहानपणापासून काका म्हणत आलो. कप हातात तसाच राहिला. तेवढ्यात कुसुम म्हणाली, "मंग काय झालं? डायवर चहा पेत नाही काय?"

परतताना मूर्तिजापूरला वसंतानं मला गाडी थांबवायला लावली. मग म्हणाला, "गेर डाव्या पायाले लावता येते काय बे?"

*

नानासाहेबांना शंका आली. घरात शिरताना उजवा पाय पुढे, मग गाडीत डावा कसा चालेल? जोशीबुवांना बोलावलं. बुवांनी फटफटीभोवती फेरी मारली, डोळे मिटले, दक्षिणा मोजली आणि सांगितलं, "चालते. पण सुरुवात गुरुवारी करा."

मी तोंडावर बोललो, "नानाकाका, पोराचा पाय डॉक्टरले दाखवला नाही, अन् गाडीचा पाय जोशाले दाखवून राह्यले!"

गुरुवारी नानासाहेबांनी गाडी ग्यारेजात धाडली, हार घालून.

*

काम वस्तादनं मुद्दाम मलाच दिलं. "तुहीच सवत हाये, तूच सजव तिले!"

मी सजवली. इंजिनाखालून आडवा दांडा टाकून गिअर डावीकडे आणला, ब्रेक उजवीकडे नेला. ताठ पायानं गिअर पडत नाही, पण ब्रेक दाबता येतो. दर नटासोबत मी माझीच जागा आवळून दुसऱ्याला देत होतो!

ट्रायल मात्र वस्तादची. "फटफटी चालवाचं मले कोन शिकवते?" म्हणत तो सुसाट सुटला. जिनच्या आवारात सरकीचा ढीग आला. वस्तादनं जन्माच्या सवयीनं डावा पाय दाबला. पूर्वी तिथं ब्रेक होता, आता पडला गिअर!

ढिगाबाहेर फक्त मागचं चाक उरलं. आतून आवाज आला, "काम एक नंबर झालं बे!"

*

मग पुढे वसंता, मागे मी. अन् माझा उजवा पंजा काही ऐकेना! इंजिनचा आवाज चढला की आपोआप वर-खाली व्हायचा आणि वसंताच्या टाचेला लागायचा. भर चौकात गाडी थांबवून तो म्हणाला, "तुह्या पायाले सांग, त्याची नोकरी गेली!"

पानठेल्यावरचे सगळे हसले. मग त्यांनी नमस्कार केला. वसंताला.

*

कुसुमशी त्याचं लग्न झालं. एकदा दांड्याचे नट ढिले झाले म्हणून मी जिनमध्ये गेलो. आवळून झाले. तर कुसुमनं पदर खोचला आणि सीटवर बसली! मागे वसंता, ताठ पाय पसरून, राजासारखा खुश.

वस्ताद त्या गाडीवरून पडला होता. गिअर बदलल्यावर मीही दोनदा पडलो होतो. कुसुमच्या पायांना आधीची सवयच नव्हती; वसंतानं शिकवलं ते थेट डावीकडून. पहिला, दुसरा, तिसरा, एकही गिअर करकरला नाही! सरकीच्या ढिगाला वळसा घालून ती निघाली.

नानासाहेब खुर्चीवरून उठले. "अरे, थांबवा तिले! लोक काय म्हणतीन?"

थांबवतो कोण? मी फाटकाशी दात आवळून उभा. माझा दांडा, माझे नट, आणि त्या सीटवर आता तिसरंच कोणी!

गाडी फाटकापाशी येऊन हळू झाली. कुसुमनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिनं खाली पाहिलं.

"भाऊजी, फाटक उघडा न! अन् तो उजवा पाय काऊन हालवून राह्यले?"