गणपतचा हातगुण

माझा लहानपणापासूनचा दोस्त गणपत गेल्याची बातमी त्याचा धाकटा भाऊ नामदेव घेऊन आला. अकोल्याच्या ज्या दवाखान्यात मी कंपाउंडर आहे, तिथे तो भरदुपारी दारात उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, दादा गेला." मी बाटलीवर मात्रेची पट्टी चिकटवत होतो. ती पुरती चिकटवली आणि मग खाली बसलो. त्याला आता सव्वा महिना झाला. लोक म्हणतात, मूळव्याधीनं गेला. ते खरं नाही, आणि तेवढं सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

अमरावतीच्या वेशीबाहेर त्याचा मळा. वांगी, मेथी, झेंडू. पण त्या घराची ओळख मळ्यापेक्षा मूळव्याधीच्या औषधाची. दर रविवारी सकाळी पार दर्यापूरहून बैलांच्या दमण्या येत. बापानं दाखवलेली मुळी गणपत सुरणात घोटून अनशापोटी द्यायचा आणि नारळाखेरीज काही घ्यायचा नाही. तोंडाचा मात्र भारी फटकळ. "तिखट सोड, नाई तं माह्या दारात पाय ठेवू नको," असं तो पाटलालाही सुनवायचा. दोन वर्षांपूर्वी एकदा त्यानं मला विहिरीमागे नेलं. "मलेच रक्त पडून राह्यलं, गड्या. कोनाले सांगू नको. औषध देनाराच आजारी निंगाला तं घराचा हातगुन गेला समज."

मी हसलो. हो, हसलोच... पण तो वाळत चालला तसा माझा धीर सुटला. नाव न घेता मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते विलायतेत शिकलेले. म्हणाले, आतड्याच्या शेवटाला कर्करोग होतो खरा, पण तो साहेब लोकांत फार. आपल्या भाजीभाकरी खाणाऱ्यांत विरळा, आणि झाला तरी साठीच्या पुढे. मला तेवढंच ऐकायचं होतं. विरळा म्हणजे होतच नाही असं नव्हे, हे कंपाउंडरच्या डोक्यात यायला हवं होतं. मी गणपतला जाऊन सांगितलं, "तुले तं एकतिसावं. तो बुढ्यांचा रोग आहे. खुशाल राह्य." तो खुशाल राहिला. त्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते.

पोट फुगून अन्न जाईना, तेव्हा कुठे त्याला अमरावतीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. गोऱ्या सर्जननं आत बोट घालून तपासलं. मिनिटभरही लागलं नाही. गाठ बोटालाच लागत होती. "पहले क्यों नहीं लाया?" त्यानं विचारलं. मग तो म्हणाला, "घर में और किस को था?" आणि मी त्या घरातली माणसं मोजू लागलो. बाप साठीत गेला, काका पंचेचाळिशीत. दोघेही 'मूळव्याधीनं', दोघेही घरच्याच औषधावर. आता गणपत, तेहतिसाव्या वर्षी... रोग त्या घरात एकेक पायरी उतरत येत होता आणि आम्ही त्याला सुरण चारत होतो.

गेल्या रविवारी अमरावतीला गेलो. नामदेव दमणी घेऊन स्टेशनवर आला होता. हाकणाऱ्याच्या जागी कापसाची एक गोल गादी होती, मधे भोक ठेवलेली. गणपतला टेकवेनासं झालं तेव्हा वहिनीनं ती शिवली होती. भावाची आठवण म्हणून ठेवली असेल, असं मला वाटलं. नामदेव अंग चोरून, हळूच तिच्यावर बसला.

"काहून घेतली रे ही?"

"लाकूड रुतते."

"रक्त पडते काय?"

त्यानं बैल हाकले. मग हसला. "कवाकवा. पन कोनाले सांगू नका, भाऊ. मळ्यात औषधाले मानसं येऊन बसली असतीन. आन मले तं आत्ता तेविसावं लागलं. मले काय होते?"

मी त्याच्या हातून कासरा घेतला आणि बैल सरकारी दवाखान्याच्या रस्त्याला लावले.