चौथ्या ग्रीनचा चर

माझी पोस्टिंग तंजावूरला आली तेव्हा घरचे खूश झाले. मी झालो नाही. पलटण काश्मीर खोऱ्यात होती. स्फोटात डावा कान गेल्यामुळे मी लो मेडिकल कॅटेगरीत होतो, म्हणजे लढाईच्या कामाला नाही. गावाबाहेरच्या एका छोट्या मिलिटरी स्टेशनवर मला गोल्फ कोर्सच्या कामाला लावलं. तिकडे माझे सोबती पेट्रोलिंग करत होते आणि इथे मी गवतावर रोलर फिरवत होतो.

कामाचे प्रमुख हवालदार भगवान शिंदे, साताऱ्याकडचे. गुडघ्यात स्प्लिंटर घेऊन तेही खोऱ्यातूनच आले होते. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरचं, त्यामुळे माझ्या मराठीत निम्मी तमिळ. शिंदे हसायचे. "मोहिते, तू बोललास की वाटतं माझी पणजी मद्रासला जाऊन आली." पण संध्याकाळी ते कुंपणाच्या तारेपाशी जाऊन उभे राहत. एकदा तिथे म्हणाले, "खोऱ्यात कधी कोंडल्यासारखं वाटलं नाही रे. इथं वाटतं."

ते उदारीकरणाचे दिवस होते. नव्या कंपन्यांचे साहेब पाहुणे म्हणून खेळायला येऊ लागले होते, म्हणून कोर्स सुधारायचा हुकूम आला. उन्हाळ्यात आम्ही बंकर, म्हणजे गोल्फचे वाळूचे खड्डे, नव्याने बांधले. ग्रीनला, म्हणजे झेंड्याभोवतीच्या कापलेल्या हिरवळीला, बारीक भोकं पाडून त्यांत वाळू भरली. आमच्याकडे मोठा पाऊस ऐप्पसीत, म्हणजे दिवाळीच्या सुमारास पडतो. त्याआधी चौथ्या ग्रीनखालचं पाणी हद्दीबाहेरच्या कालव्यात काढायचं होतं. त्यासाठी पाइप टाकायला चर खणला. तो डोक्याहून खोल गेला. वर चिकण माती, खाली नदीची वाळू.

चराच्या भिंतींना टेकू द्यायच्या फळ्या दुपारच्या ट्रकने यायच्या होत्या. सकाळीच आभाळ भरून आलं. पाइपांचा शेवटचा सांधा उघडा होता. पाऊस आला असता तर सगळी लाइन गाळाने भरली असती. शिंद्यांनी जवानांना वर पाठवलं.

"मी आणि मोहिते पुरे."

सांधा बसत आला होता, तेवढ्यात चराची भिंत अंगावर आली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. मी शिडीच्या बाजूला छातीपर्यंत गाडला गेलो. शिंदे माझ्या पलीकडे, हनुवटीपर्यंत. त्यांचा एकच हात बाहेर होता. तो मी धरला.

श्वास सोडला की माती आवळायची आणि पुढचा श्वास आणखी लहान व्हायचा.

"बोलू नको," शिंदे म्हणाले. "हळू श्वास घे."

वरून वायरलेसवर बोलणाऱ्या लान्स नायक यादवचा आवाज आला. "कंट्रोल, चौथ्या ग्रीनवर दोघे गाडले गेलेत. फळ्या, दोर, अ‍ॅम्ब्युलन्स. ओव्हर."

"रॉजर. कडेला कोणी उभं राहू नका. ओव्हर."

मग कालव्याला पाणी सुटलं असावं, ते पाइपातून उलटं येऊन मातीतून वर झिरपू लागलं. "तण्णि!" मी ओरडलो.

"पाणी?"

"हो, उस्ताद."

"मराठीत घाबर की, लेका."

कॅप्टनसाहेब आले. चरावर शिडी आडवी टाकून यादव तिच्यावर पालथा पडला आणि हातांनी माती उपसू लागला. माझ्या काखेतून दोर गेला.

"आधी उस्तादांना," मी म्हणालो.

"मोहिते, वाटेत तू आहेस," शिंदे म्हणाले. "तू निघाल्याशिवाय माझ्यापर्यंत कोण पोचणार? चल, वर हो."

मला ओढलं तेव्हा त्यांनी हात सोडला. मी सोडला नाही. तो ओल्या मातीतून निसटला. मी काठावर पोचलो आणि खाली दुसऱ्या बाजूची भिंत कोसळली.

फळ्या आल्यावर त्यांना बाहेर काढलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि टोपी काढली.

पार्थिवाबरोबर मी त्यांच्या गावी गेलो. माझी मराठी ऐकून लोक वळून पाहत होते. विधी आटोपल्यावर शिंदेवहिनींनी, त्यांच्या पत्नीने, मला बोलावलं. कशासाठी खणत होता, कोणी खणायला लावलं, काही विचारलं नाही.

"एकटे होते का?"

"नाही वहिनी. मी होतो."

"काही बोलले?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मराठीत घाबर म्हणाले तेही सांगितलं. त्या रडता रडता हसल्या.

गावाच्या वेशीवर शहिदांचा दगड आहे. त्यावर शिंद्यांचं नाव नाही, कारण ते लढाईत गेले नाहीत. मी ते इथे लिहून ठेवतो. हवालदार भगवान शिंदे. ड्यूटीवर असताना गेले.