पायाचं बोट हाताला

मला बी.एस्सी.चा फार माज होता. पाम गावात आमच्या आळीत पदवी घेतलेली मी पहिली मुलगी. पालघरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि घरात कुणी आजारी पडलं की डॉक्टरांच्या आधी माझं मत घेतलं जायचं. त्या मताचं फळ माझ्या थोरल्या भावाला भोगावं लागलं.

दादा बोईसरला एका कारखान्यात पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर होता. सुट्टीच्या दिवशी बाबांबरोबर वाडीत चिकूची कलमं बांधायचा; खरं तर त्याचा जीव त्यातच होता. ऐंशीच्या सुमारास प्रेसने त्याचा उजवा अंगठा मुळापासून नेला. जखम भरल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, पायाचं एक बोट काढून हाताला बसवता येईल, पण सहा महिन्यांच्या आत या.

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. ते लगेच म्हणाले, "मग त्यात काय हाय? आमी खिरणीच्या रोपावर चिकू जगवतोच ना. हे पन कलमच. जा आनि बांधून घे."

मी हसले. आजही ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. माणूस म्हणजे झाड नव्हे, असं मी त्यांना समजावलं आणि पेपरच्या पुरवणीतला लेख वाचून दाखवला. सॅलमँडर नावाच्या, बेडकाच्या जातकुळीतल्या प्राण्याचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो, लहान मुलांच्या बोटाचं छाटलेलं टोकसुद्धा कधीकधी आपोआप भरून येतं, शास्त्रज्ञ त्यामागचं गुपित शोधताहेत. लेखात एवढंच होतं. दहा वर्षांत अख्खा अंगठा उगवेल, हे माझ्या पदरचं. माणूस झाड नव्हे म्हणणारी मी त्याला बेडकाच्या भाऊबंदांत बसवून मोकळी झाले.

"चांगलं पाऊल कशाला अधू करतोस, दादा? थोडा थांब," मी म्हणाले. बाबा गप्प बसले. माझ्यापुढे ते नेहमीच गप्प बसायचे, आणि मला तो माझा विजय वाटायचा.

दादा थांबला. कारखान्याने त्याला गेटवर बसवलं. कलमाच्या दोन चिरलेल्या फांद्या एकमेकींना घट्ट धरायला अंगठाच लागतो. डाव्या हाताने त्याने खूप करून पाहिलं, पण जोड सरकायचा आणि कलम वाळायचं. शेवटी तो वाडीत फक्त पाणी सोडायला जाऊ लागला. महिन्या-दोन महिन्यांनी मला विचारायचा, "नवीन काय आलंय का गं पेपरात?" मी सांगायचे, संशोधन चालू आहे. ते खोटं नव्हतं. कुठे कुठे, कुणाकुणाला काय काय उगवत होतं. दादाच्या हाताला काही नाही.

सात वर्षांनी मीच हट्टाने त्याला पुन्हा मुंबईला नेलं. डॉक्टर तेच होते. त्यांनी हात दाबून, वाकवून पाहिला. अंगठ्याच्या बुडाचे स्नायू सुकले होते. बोट बसवलं तरी ते हलणार नव्हतं. मग ते चिडले. "सहा महिने सांगितले होते ना? कुणाचं तरी ऐकून घरी बसता. कोणी थांबवलं तुम्हाला?"

मी तोंड उघडणार होते. निदान आजवर स्वतःला तसं सांगत आले आहे.

"कोनी नाय, सायेब," दादा म्हणाला. "मीच घाबरलो. अडानी मानूस."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही बहीण ना? शिकलेल्या दिसता. तुम्हाला समजावता नाही आलं याला?"

"त्याने ऐकलंच नाही," मी म्हणाले.