हणमंतरावांचं सरळ वाण

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी मात्र मी जिवंत असतानाच गेली, तीही टीव्हीवरच्या खेळांच्या दुकानात.

मी लातुरात फिजिक्स शिकवतो. भूकंपानंतरच्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये बारा पोरांवर क्लास काढला, आता तीन मजले आहेत. एवढी वर्षं शिकवलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळंच कळतं. माझा हा माज उतरवला तो हदगावकडच्या हणमंतरावांनी. सातवी शिकलेला माणूस, कापूस आणि सोयाबीन पिकवणारा.

त्यांची तनुजा माझ्याकडे शिकायला होती. पहिल्या वर्षी प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडले, तेव्हा तिनं बॅग भरली आणि माझ्यासमोरच बापाला सांगितलं, "मला घरी न्या."

"अजून एक साल काढ माय," हणमंतराव म्हणाले. "मागशील ते देतो."

पोरगी चिडलेलीच होती. "मंग गेम द्या, टीव्हीला लावायचा. पण तुमी नुसतं म्हणता, बाबा. दहावीला सायकल देणार होता."

हणमंतरावांनी मान खाली घातली. सायकल खरंच राहून गेली होती. म्हणाले, "ह्या बारीला शब्द हाय."

पोरीनं वर्ष काढलं आणि विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लावला. आठवड्याभरात हणमंतराव माझ्या दारात हजर. "सर, तो गेम घ्यायचाय. त्यात दोन जाती हायेत म्हणून राहिले लोकं. तुमी चला. ह्या बारीला चुकून चालत न्हाई."

मी एका पायावर तयार. दोनच महिन्यांपूर्वी माझ्या मुलाला, मिहिरला, असाच गेम घेऊन दिला होता, म्हणजे मी तज्ज्ञच! वाटेत त्यांना धडा दिला. एका कन्सोलला, म्हणजे खेळाच्या यंत्राला, डिस्क लागते. दुसऱ्याला लागत नाही, त्याचे खेळ थेट नेटवरून उतरवायचे. बिनडिस्कचा स्वस्त आणि सुटसुटीत. डिस्क म्हणजे जुना जमाना. "डोळे झाकून बिनडिस्कचा घ्या, आम्हीही तोच घेतलाय," मी निकाल दिला.

हणमंतरावांनी डोळे काही झाकले नाहीत. दुकानदार गुरुपादप्पांना त्यांनी एकच विचारलं, "ह्यातला खेळ शेजाऱ्याला देता येतो का?"

"बिनडिस्कच्यातला न्हाई. ज्याचं खातं त्याचाच खेळ. नवा पाहिजे तर परत कंपनीकडूनच घ्यायचा. डिस्क मात्र कुणालाबी द्या, बदलून घ्या."

हणमंतराव माझ्याकडे वळले. "सर, हा बिनडिस्कचा म्हंजे कापूस. दरसाल बियाचं पाकीट इकतच आणायचं. आन डिस्कवालं सोयाबीन हाय, सरळ वाण. घरचं बी ठेवा, पाव्हण्याला द्या, त्याच्याकडचं आणा."

मला हसू आलं. "अहो, यंत्र आहे ते! बी-बियाणं नव्हे."

"मंग उगवून बघू."

पेरणीआधी हा माणूस शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, किती उगवले ते मोजतो आणि मगच बी जमिनीत घालतो. इथंही तोच खाक्या. "नेट बंद करा," ते गुरुपादप्पांना म्हणाले. "आमच्या गावात टाकीवर चढल्याबिगर रेंज न्हाई. आता दोन्हीवर नवा खेळ लावून दाखवा."

गुरुपादप्पा कुरकुरले, पण दाखवायला ठेवलेले दोन्ही कन्सोल त्यांनी टीव्हीला जोडले. बिनडिस्कच्या कन्सोलनं नेट मागितलं आणि हटून बसला. मग दुसऱ्यात डिस्क सारली. दोन मिनिटं झाली, पाच झाली, पडद्यावर नुसती एक रेघ सरकत होती. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू! हणमंतराव मात्र पडद्यावरची नजर काढेनात. आणि एकदम मोटारी धावायला लागल्या.

"उगवलं!" ते असे ओरडले की रस्त्यावरची माणसं आत डोकावली.

दिवाळीत त्यांनी आम्हाला गावी जेवायला बोलावलं. तनुजा एक डिस्क घेऊन कॉलेजला गेली होती. मैत्रिणींशी अदलाबदल करत, दर सुट्टीला घरी येऊन तिनं सात खेळ संपवले होते आणि आठवा घरी आणला होता. माझ्या मिहिरकडे तेच दोन खेळ होते, कारण तिसरा विकत घ्यायला मीच नाही म्हणालो होतो. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, आपला कापूस निघाला." मी पुरणपोळीत तोंड खुपसलं.

जेवणं झाल्यावर तनुजानं बापाच्या हातात दुसरा रिमोट दिला आणि त्यांना शर्यतीला बसवलं. हणमंतराव मोटारीबरोबर स्वतःही डावीउजवीकडे झुकत होते. अर्ध्या शर्यतीत, पडद्यावरची नजर न काढता, ती म्हणाली, "बाबा, सायकल माफ."

हणमंतरावांचे हात थांबले. त्यांची मोटार रस्ता सोडून झाडावर जाऊन आदळली, तरी ते पोरीकडेच बघत बसले होते.