लाल सोंगटी

या सदरातल्या भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर चहा पिता पिता, हसत वाचल्या आहेत. शेवटी सगळ्यांत मांजर तरी निघतं नाहीतर वारा, असं माझं ठाम मत... तेव्हा माझी गोष्ट तुम्ही हसत वाचलीत तरी तक्रार नाही.

साल दोन हजार चार-पाचचं. हुबळीत आमचं घर उणकल तलावाजवळच्या नव्या वसाहतीत. अप्पा दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात नोकरीला. रविवारी जेवणं झाली की ते फरशीवर खडूने चौकाबाराचा पट आखायचे आणि आम्ही दोघं चिंचोके टाकत बसायचो. या खेळात समोरच्याची सोंगटी मारल्याशिवाय मधल्या घरात जाता येत नाही. आणि अप्पांनी जन्मात कधी माझी सोंगटी मारली नाही! त्यांची सोंगटी माझ्या सोंगटीला मारायच्या टप्प्यात आली की म्हणायचे, “पुट्टी, नीर तगोंबा.” मी पाणी घेऊन येईपर्यंत चिंचोके टाकून झालेले असायचे. “दोनच पडले बघ!” माझ्या सोंगटीला धक्का नाही, त्यांची मात्र बाहेरच गोल गोल. आई चिडवायची, “अहो, एकदा तरी मारा की! जन्मभर दारातच फिरणार काय?”

मी तेव्हा वेब डिझाइनचा क्लास करत होते — एचटीएमएल, जावास्क्रिप्ट. अप्पांनी विचारलं, “तुझ्या कॉम्प्युटरात चौकाबारा होतो काय गं?” महिन्याभरात करून देते, म्हटलं मी, मोठ्या तोऱ्यात. पट लगेच झाला. अप्पांनी तो रिकामाच बघितला. सोंगट्या चालायला लागायच्या आधी ते गेले. दुकानातच हार्ट अटॅक आला.

पुढे कितीतरी दिवस ती फाइल उघडवेना. मग एका दुपारी, आई मठात गेली असताना, बसले आणि पुरं केलं. चाचणीपुरती एकेकच सोंगटी ठेवली — माझी हिरवी, अप्पांची लाल. बटण दाबलं की चिंचोके पडणार, सोंगटीवर क्लिक केलं की ती तितकी घरं चालणार. खालची पट्टी हिरवी असली तर डाव माझा, लाल असली तर अप्पांचा. कॉम्प्युटरला आपलं आपण खेळायला शिकवावं एवढी अक्कल मला नव्हती. दोन्ही बाजूंनी मीच खेळणार होते. इंटरनेट तर घरात नव्हतंच.

हिरवी चालवली. पट्टी लाल झाली. तेवढ्यात गॅसवरचं दूध आठवलं, धावले. परत येते तर पट्टी हिरवी, आणि लाल सोंगटी पुढे सरकलेली. म्हटलं, मीच जाता जाता क्लिक केलं असेल. पुन्हा माझा डाव खेळले, पट्टी लाल झालेली नीट बघितली आणि मुद्दाम पाणी आणायला गेले. आले तर पुन्हा तेच... दाराला आतून कडी होती.

भीती? छे हो. मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं. समोर बसून राहिलं तर काही हलत नव्हतं. आत गेलं की डाव व्हायचा.

खेळता खेळता माझी सोंगटी अशी येऊन पडली की लाल तिच्या बरोब्बर तीन घरं मागे. मी मोठ्यांदा म्हटलं, “अप्पा, तीन पडले तर मारा. माझी शपथ आहे. एकदा तरी आत जा.” आणि पाण्याला गेले.

आले तेव्हा स्क्रीनवर तीन पडलेले होते. लाल सोंगटी जागची हलली नव्हती. माझी सुखरूप. आणि पट्टी हिरवी.

तेवढ्यात करंट गेला. माझं पान काही साठवून ठेवणारं नव्हतं. लाइट आल्यावर उघडलं तर पट पहिल्यासारखा, कोरा.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या सरांना कोड दाखवला, अप्पांचं काही न सांगता. सरांनी वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाले, “सोंगटी हलल्याशिवाय डाव बदलतच नाही की यात. तीन पडले तर तीन चालायलाच पाहिजे. डाव सोडायची सोयच ठेवला नाहीत तुम्ही. कायतरी चुकून बघितलात बघा.”

बघितलं असेन चुकून. एवढी वर्षं मनाला तेच समजावतेय, मन ऐकत नाही. कारण विचाराल तर आजही माझ्याकडे नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी पटाखाली एक बटण जोडलं — ‘डाव सोडा’. फक्त लालसाठी. त्यानंतर किती कॉम्प्युटर बदलले, ते पान मी प्रत्येकावर नेलं. एखाद्या दुपारी घरात कुणी नसलं की उघडते, हिरवी चालवते आणि पाणी आणायला आत जाते. स्वयंपाकघरात जरा जास्तच वेळ थांबते.

परत येते तेव्हा पट्टी लालच असते.