हासानंद मास्तरांचा मंघ

दिवाळीच्या सुट्टीत मी बदलापूरला माहेरी होते. ओसरीवर बसून अनारशाचं पीठ चाळत होते, तेवढ्यात आमच्या शाळेतले ड्रिलचे शिक्षक सायकल हातात धरून फाटकाशी उभे राहिले. एरवी तोंड उघडलं की अख्खं मैदान दणाणून सोडणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी आधी पाणी मागितलं, तांब्या संपवला आणि मग हळूच म्हणाले, "बाई, हासानंद मास्तर गेले. परवा, झोपेतच." मी त्यांना चहा दिला, चकली दिली. आता त्यांचे तास कोण घेणार यावर आम्ही दोघं शहाण्यासारखे बोललोसुद्धा. ते गेल्यावर मात्र चाळणी हातात तशीच राहिली आणि मला रडू आवरेना.

सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातली आमची शाळा म्हणजे लष्करानं सोडलेली एक लांबलचक बराक. वर्गांमध्ये भिंती नव्हत्या, गोणपाटाचे पडदे होते. आमच्या ह्यांची अंबरनाथला कारखान्यात नोकरी, म्हणून मी तिथे मराठी शिकवायला लागले होते. पडद्याच्या पलीकडे मास्तर इतिहास शिकवायचे. ते सिंधमधल्या हैदराबादचे. फाळणीत म्हातारी आई आणि एक ट्रंक एवढंच घेऊन आलेले. माझ्या वर्गातल्या मुलांचे डोळे माझ्याकडे आणि कान त्यांच्याकडे. मला भारी राग यायचा. एकदा भांडायचंच म्हणून पडदा सारला, तर मास्तर विचारत होते, "दुनिया में पहली चिट्ठी किसने भेजी? राजा ने? ना. जिसका बेटा दूर गया, उस माँ ने." मी तिथूनच म्हटलं, "पुरावा काय, मास्तर?" ते वळून म्हणाले, "पुरावा नहीं है, बाई. कोई भी माँ से पूछ लो." पोरं खो खो हसली. भांडण राहिलं बाजूला आणि त्या दिवसापासून मीही कान देऊ लागले.

त्यांच्या इतिहासात राजे फारसे नसत. टपाल, बँक, छापखाना, दवाखाना, नगरपालिका... या सगळ्या गोष्टी कुणाच्या तरी अडचणीतून जन्मल्या, असं त्यांचं म्हणणं. "पहले तकलीफ, फिर तरकीब," हे वाक्य कॅम्पातलं शेंबडं पोरही म्हणायचं. सगळं जग शिकवलं त्यांनी, पण सिंध कधी शिकवला नाही. मुलं विचारायची, "साईं, सिंध कब पढ़ाओगे?" की हे खडू शोधायला लागायचे. एकदा मधल्या सुट्टीत मीच छेडलं. म्हणाले, "बाई, इतिहास उसका होता है जो बीत गया. मैं पढ़ा दूँ, तो बीत गया ना?" मी तो विषय पुन्हा काढला नाही. माझा हट्ट मोडणं सोपं नाही, हे आमच्या घरी विचारा.

एकदा आम्ही मुलांना अंबरनाथच्या देवळात नेलं. पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधलं, उजाडलं म्हणून शिखर अपुरं राहिलं, ही आमच्याकडची दंतकथा मी रंगवून सांगितली. मास्तरांनी विचारलं, "इतनी जल्दी क्यों थी?" मी म्हटलं, "वनवासात होते. लपूनछपून राहायचं होतं." ते मान हलवत म्हणाले, "खुद का घर नहीं था, तो देव का बनाया. ये कहानी सच्ची लगती है." मग आम्ही पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलो. तिथे वर छप्पर नाही, उघडं आभाळ. मुलं बाहेर पळाली तरी मास्तर मान वर करून तिथेच उभे.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी मंघ बांधला. मंघ म्हणजे घराच्या छपरावर उभारलेलं वारा धरायचं धुराडं. हैदराबादेत घरोघर असतात आणि सगळ्यांची तोंडं नैर्ऋत्येला, कारण गार वारा तिथूनच येतो. त्यांच्या आईला आम्ही सगळेच अमां म्हणायचो. अमां तापलेल्या पत्र्याखाली तळमळत पडायच्या आणि रोज विचारायच्या, इथे मंघ का नाही? मास्तरांनी जुने पत्रे जमवले, खोक्याच्या फळ्या आणल्या, आठ बोटं ठेचून घेतली आणि ते राहत त्या बराकीच्या छपरावर एक वेडंवाकडं धुराडं उभं केलं. तोंड अर्थात नैर्ऋत्येला, आपल्या मलंगगडाच्या बाजूला. वैशाखात त्यातून असा झुळझुळ वारा उतरायचा की शेजारच्या बायका निवडायची सुपं घेऊन अमांच्या खाटेशी येऊन बसायच्या. अमांना झोप लागू लागली. मास्तर तर जावई आल्यासारखे मिरवत होते.

पण बिचाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगूनही त्यांनी ऐकलं नसतं, की आपल्याकडे पाऊसही तिकडूनच येतो. हैदराबादेत पाऊस म्हणजे नावाला चार थेंब. इथे आषाढात मलंगगड दिसेनासा झाला आणि मंघानं वाऱ्याबरोबर अख्खं आभाळ आत ओढून घेतलं. खाट भिजली, चूल विझली. झाकण लावावं तर अमांचा जीव घुसमटायचा. सगळी बराक हसायला लागली. मास्तर काय कमी! म्हणाले, "बाई, तुम्हारे अंबरनाथ के घर में पानी आवे तो अभिषेक, और मेरे घर में आवे तो बेवकूफी?" मी म्हटलं, "मास्तर, तोंड फिरवा की त्याचं. पाठ करा मलंगगडाकडे." त्यांचा चेहरा एकदम उतरला. "वहाँ एक भी मंघ ऐसा नहीं है, बाई. फेर दूँ, तो मान लिया कि अब यहीं मरना है." तेव्हा मला कळलं की हे पत्र्याचं प्रकरण नव्हे. हा माणूस छपरावर आपलं गाव धरून बसला होता.

अमांना खोकला धरला. मी काढा घेऊन गेले होते, तेव्हा त्या खाटेवर बसून होत्या, अंगावर ओली गोधडी, आणि मास्तर खाली मान घालून बादली सरकवत होते. अमां कधी रागावून बोलत नसत. त्या दिवशीही नाही बोलल्या. नुसतं म्हणाल्या, "पुट, वहाँ मंघ हमारे वास्ते था. यहाँ क्या हम मंघ के वास्ते हैं? फेर दे." मास्तरांनी बादली बाजूला ठेवली. मग भर पावसात शिडी लावून वर चढले. शिडी मी धरली होती. वरून खिळे उपटल्याचा आवाज येत होता, पत्रा करकरत होता आणि मधूनच काहीच ऐकू येत नव्हतं. ते उतरले तेव्हा मंघाची पाठ मलंगगडाकडे झाली होती आणि त्यांचा चेहरा भिजलेला होता. मी पंचा पुढे केला आणि दुसरीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पडद्याच्या पलीकडून त्यांचा आवाज आला, "आज सिंध." मी पुस्तक मिटलं आणि पडदा सरळ गुंडाळून वर बांधला. दोन्ही वर्ग एक झाले. मास्तर बोलत होते... नदी, नदीतली पल्ला मच्छी, किल्ल्याखालच्या गल्ल्या, उन्हाळ्याच्या संध्याकाळी गच्च्यांवर टाकलेल्या खाटा आणि वर हजारो मंघ, एका दिशेला तोंड करून उभे. एकदाही त्यांचे डोळे भरले नाहीत. भरले माझेच. मला ते गाव इतकं हवंसं वाटलं, की जे मी कधी पाहिलंच नाही त्याची आठवण येऊ लागली. नंतर दर वर्षी ते तो धडा घ्यायचे. पुस्तकात नव्हता, परीक्षेला नव्हता, पण त्या दिवशी एकही मूल गैरहजर नसायचं. पुढे अमां त्याच खाटेवर शांतपणे गेल्या. मास्तर तिथेच राहिले, कॅम्पाचे झाले, कुणाचं लग्न असो की मयत, सगळ्यात पुढे. हैदराबादला जायचं मात्र राहूनच गेलं.

सुट्टी संपली. नवा शिक्षक मिळेपर्यंत इतिहासाचे तास माझ्याकडे आले. परवा वर्गात शिरले तर मुलं म्हणाली, "बाई, सिंध बाकी है." मी, बदलापूरची बाई, यांना यांचं गाव काय सांगणार? पण सांगितलं, मोडक्या हिंदीत, त्यांच्याच शब्दांत, नदीपासून मंघापर्यंत. समोर बसलेली मुलं सगळी आता कॅम्पातच जन्मलेली. त्यातली गोपी नावाची धीट मुलगी उठली, म्हणाली, "मैं हैदराबाद निकालूँ?" आणि फळ्यावर चित्र काढू लागली. नदी काढली, घरं काढली, प्रत्येक घरावर मंघ काढला. घरांच्या मागे तिनं एक डोंगर काढला, कातळाच्या सुळक्यांसकट. तो मलंगगड होता. आणि तिच्या हैदराबादेतले सगळे मंघ त्याच्याकडे पाठ करून उभे होते. तिनं आयुष्यात पाहिलेला मंघ एकच, मास्तरांच्या छपरावरचा.

"बाई, ऐसा ही है ना?" तिनं विचारलं. त्या क्षणी मास्तर पडद्याच्या पलीकडे हवे होते. किती हवे होते ते सांगता येणार नाही. हसले असते की रडले असते, कोण जाणे... मी फळ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "हो गं. अगदी असंच आहे."