अक्काचं गोत्र

कॉफी घेता घेताच ऐका. ही फजिती सांगताना मी मध्येच गप्प होते, तेव्हा निदान तुमच्या हाताशी घोट असू दे.

मी येशूच्या मागे गेले ती चाळिशी उलटल्यावर. आमच्या तंजावुरातल्या मराठी घरात आधी कुणी गेलेलं नाही. अक्का, माझी थोरली बहीण, तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नव्हती. प्रार्थना शिकवली चर्चमधल्या रोझी टीचरनी. "बापाशी बोलतेस तसं बोल, अम्मा. डोळे मीट, आणि आमेनपर्यंत उघडू नको."

सोपं आहे की नाही? पण मी जन्मभर देवळात पुजाऱ्याकडून अर्चना करवलेली बाई. नाव, नक्षत्र, गोत्र सांगितलं नाही, तर मागितलेलं शेजारणीच्या पदरात पडेल, ही धास्ती जाते कुठे?

मग अक्का आजारी पडली. गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज पुटपुटण्याएवढा उरला, डॉक्टरांनी आशा सोडली. मी हॉस्पिटलात तिच्या खाटेशी बसले होते, तर तीच म्हणाली, "तुझ्या देवाला सांग गे माझ्यासाठी."

मला रडूच आलं. इतक्या दिवसांनी तिने माझ्याकडे काही मागितलं होतं, ते नीट पोचायलाच हवं होतं. मी डोळे घट्ट मिटले.

"प्रभू, ही माझी अक्का. रोहिणी नक्षत्र, काश्यप गोत्र."

अक्काने माझा पदर ओढला.

चुकलंच माझं. काश्यप आमचं माहेरचं. लग्न झालेल्या बाईचं सासरचं गोत्र सांगायचं, हे काय मला ठाऊक नाही?

"माफ कर प्रभू, भारद्वाज."

पुन्हा पदर.

"रोहिणी माझं. हिचं मृग."

पुन्हा ओढला, जरा जोरात. आता काय राहिलं? पत्ता.

"तिसरा मजला, प्रभू. खिडकीजवळची खाट."

ती ओढतच राहिली. मला वाटलं, अक्काला पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला. मग काय विचारता, माझा आवाज चढला, वाक्यं लांबली. रोझी टीचरनाही जमली नसती अशी प्रार्थना झाली.

स्टीलचा टंबलर खणकन खाली पडला, तेव्हा डोळे उघडले. अक्काचा हात स्टुलापर्यंत लांबलेला. ओठ कोरडे.

"पाणी," ती म्हणाली.

चमच्याचमच्याने पाजलं. घसा ओला झाल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"तुझा देव गोत्र विचारतो?"

"नाही, अक्का."

"मग इतका वेळ काय चाललं होतं गे?"

"ओळख करून देत होते तुझी."

ती हसली. हसताना दुखलं तिला, तरी हसली.

त्याच आठवड्यात ती गेली.

आता मी डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना करते. प्रार्थनेला नवीनच यायला लागलेल्या एकीने परवा टीचरना हळूच विचारलं, "या अम्मांना अजून प्रार्थना येत नाही का?"

टीचर काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "नाही येत. पूर्वी फार छान यायची."